कठीण शब्द कुणाला?

भाचीची जीआरईची, म्हणजे परदेशात उच्च शिक्षणासाठी द्यायच्या प्रवेश परीक्षेची, तयारी चालू आहे, त्यामुळे फोंड्याच्या घरात सध्या जिथे हात घालावा तिथे कार्डं. पुढे इंग्रजी शब्द, मागे अर्थ आणि एक वाक्य, गठ्ठ्याला रबर. फ्रिजवर, टीव्हीमागे, काकांच्या चष्म्याच्या घरातसुद्धा. 2011 साली या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले, पण वाक्यात नेमका शब्द बसवावा लागतोच. म्हणजे घोकंपट्टी काही सुटली नाही.

त्या कार्डांना घरात एकटे काकाच भीत नाहीत. गोवा मुक्तीआधी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेले ते. भाचीने 'टॅसिटर्न' म्हणायचा अवकाश, "तासितुर्नु. अबोल." 'लुगूब्रिअस'? "लुगुब्र. सुतकी." 'टेनेशस'? "तेनाश. चिवट गो, तुझ्या आईसारखी."

इंग्रजीतले भारदस्त शब्द बहुतेक लॅटिन घराण्यातले. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बसली. पुढे तिथल्या विद्वानांनी थेट लॅटिनमधूनच शब्द उचलले. पोर्तुगीज तर लॅटिनची लेकच, म्हणून आम्ही ज्यांच्यापुढे घाम गाळतो ते काकांना घरचेच पाहुणे. 'बोलणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून लोक्वेशस, एलोक्वंट, कलोक्विअल आणि सलिलक्वी निघाले, आणि भाचीने ते वेगवेगळ्या गठ्ठ्यांत कोंबलेले! असल्या याद्या काढणाऱ्यांना धातू आधी शिकवायला काय होतं कोण जाणे.

काकांची दांडी उडते ती सोप्या इंग्रजीत. 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' या भानगडी त्यांना आजही पटत नाहीत. "पुट म्हणजे ठेवणे ना? मग सहन करणे कुठून आलं?" याला उत्तर नाही. 'पुश' लिहिलेलं दार तर ते अजून स्वतःकडे ओढतात, कारण पोर्तुगीजमध्ये 'पुशार' म्हणजे ओढणे.

आणि एक जुनी हकिगत. मुक्तीनंतर बाहेरून आलेल्या एका डॉक्टरांना काकांनी अस्खलित इंग्रजीत सांगितलं, "आय अ‍ॅम कॉन्स्टिपेटेड." पोर्तुगीज 'कोन्श्तिपादु' म्हणजे सर्दी झालेला. डॉक्टरांनी जुलाबाचं औषध दिलं. सर्दीचं काय झालं ते काका सांगत नाहीत, पण त्या दिवशी शिंकायची हिंमत झाली नाही म्हणतात.

भाची हसून लोळली. त्या शब्दाचं कार्ड मात्र तिने केलं नाही. परीक्षेला येत नाही म्हणे.