तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला गॅरेजात घालू काय?

दहावीचा निकाल लागला की आपल्या बेळगाव भागातल्या उचगाव, बेळगुंदी, खानापूरकडचे पालक मला हमखास विचारतात, "सर, पोरगं गाड्यांपाठी खुळं झालंय. गॅरेजात घालू काय?" मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: या धंद्यात जरूर येऊ दे, पण आधी दोन वर्षं आयटीआय, मग गॅरेज.

पूर्वी पोरगं पाने देत, कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) धूत, बघून बघून तयार व्हायचं. 1 एप्रिल 2020 ला गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम आले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, सेन्सर आणि ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. बिघाड डोळ्यांना दिसत नाही, मोजावा लागतो.

जांबोटी-कणकुंबीच्या पावसात फिरलेली गाडी घ्या. इंजिनचा दिवा पेटलाय, पिकअप नाही. गाडीला जोडलेला स्कॅनर थ्रॉटल सेन्सरच्या, म्हणजे मूठ किती पिळली ते ओळखणाऱ्या सेन्सरच्या, बिघाडाचा कोड दाखवतो. नुसता कोड वाचणारा सेन्सर बदलतो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दिवा परत पेटतो. शिकलेलं पोरगं आधी मल्टीमीटर लावतं. सेन्सरला 5 व्होल्ट येतात काय, अर्थिंग नीट आहे काय, मूठ पिळेल तसा सिग्नल सावकाश चढतो काय? पुष्कळदा सॉकेटच्या पिनेलाच हिरवा गंज धरलेला असतो. पिन साफ केली, रबरी सील बदललं, गाडी चालू. व्होल्ट, करंट आणि रोध यांचं गणित सांगणारा ओहमचा नियम फळ्यावर कुणाला गोड लागत नाही. म्हणून मी वीज शिकवायला अशा सॉकेटापासूनच सुरुवात करतो. बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये तर नारिंगी केबलमधून 300 व्होल्टच्या वर दाब असतो. तिथं बघून बघून शिकायला पाठवणं म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ.

गॅरेजवाल्यांचं एक गाऱ्हाणं असतं, "पोरं टिकत नाहीत." मला याचा राग येतो. वर्षभर पार्ट धुवायला लावायचे, चहा आणायला पिटाळायचं, हे का उघडलं ते सांगायचं नाही, मग पोरगं कशाला थांबेल? डिलिव्हरीच्या कामात त्याला पहिल्या दिवसापासून पैसे दिसतात. ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगारांचा, कायदा 1961 पासून आहे. 30 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक, आणि 4 ते 29 असतील तरी घेता येतात. म्हणजे आपल्याकडचं बेताचं गॅरेजही रीतसर करार करून, स्टायपेंड देऊन पोराला शिकवू शकतं. शिकवणारा उस्ताद मात्र हवा. रोज एक बिघाड पोराच्या हातात द्यावा आणि त्यानं उत्तर शोधेपर्यंत थांबावं, एवढं त्याच्याकडून व्हायला पाहिजे.

गॅरेजच पाहिजे असंही नाही. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या फौंड्रींत (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत) आणि मशीन शॉपांत गाड्यांचे सुटे भाग तयार होतात. फिटर, टर्नर, मशीनिस्ट झालेलं पोरगं त्याच उद्योगात असतं. मुलींसाठी विचारणारे पालक अजून फार थोडे. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर, सेन्सरच्या तपासणीत ताकदीपेक्षा बारकाईला किंमत आहे. मुलींनी यावं असं मला मनापासून वाटतं.

कन्नड येत नाही म्हणून घाबरू नका, पण शिकायला लावा. गिऱ्हाईक गोकाकचं असेल, सौंदत्तीचं असेल. गाडीला काय होतंय ते त्याच्या तोंडून नीट समजलं तर अर्धं निदान तिथंच होतं. मॅन्युअल वाचण्यापुरतं इंग्रजीही लागतं.

प्रवेश घ्यायच्या आधी त्या आयटीआयचं वर्कशॉप स्वतः जाऊन बघा. चालू स्थितीतलं बीएस-6 इंजिन आहे काय, स्कॅनर पोरांच्या हातात देतात की कपाटात असतो, मागच्या बॅचची मुलं कुठं ॲप्रेंटिस लागली, हे विचारा. जमलं तर तिथल्याच दोन मुलांशी बोला, सर बाजूला नसताना.