यात गुरुवार धरलाय का?

शनिवारी सकाळी साडेअकराला चाकणची आमची असेंब्ली लाईन थांबली. अडलं होतं एका ब्रॅकेटवर. त्याची कानबान कार्डं किती लागतील ते मीच काढलं होतं. दर बिनला, म्हणजे डब्याला, असं एक कार्ड असतं; ते सप्लायरकडे गेलं की तेवढाच माल पुन्हा भरून येतो.

रोजची गरज १२०० नग, लीड टाइम, म्हणजे माल पुन्हा भरून यायला लागणारा वेळ, दोन दिवस, सेफ्टी, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, २० टक्के, एका बिनमध्ये १०० नग. १२०० गुणिले २ गुणिले १.२, भागिले १००, म्हणजे २८.८. घेतली २९. आकडेमोड आजही बरोबरच आहे.

चुकले ते 'दोन दिवस'. परचेसवाले सप्लायरच्या दारापासून आपल्या गेटपर्यंतचा वेळ सांगतात. कार्डाचं घड्याळ बिनमधला पहिला नग उचलला की सुरू होतं आणि भरलेला बिन रॅकवर लागला की थांबतं. हे त्यांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

पुढच्या बुधवारी एका कार्डाच्या मागेच लागलो. दुपारी तीनला बिन उघडला. ऑपरेटरने कार्ड पेटीत टाकलं ते बिन रिकामा झाल्यावर. ताशी ७५ नग, म्हणजे ८० मिनिटं तिथेच गेली. कार्डं नेणारा टेम्पो दिवसातून एकदाच, सकाळी दहाला. दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमची सुट्टी रविवारी, भोसरीच्या सप्लायरची गुरुवारी. कार्ड शुक्रवारी निघालं, माल शनिवारी दुपारी तीनला रॅकवर लागला. तीन दिवस! २९ बिन अडीच दिवसही पुरत नाहीत.

तीन दिवस धरले की ४४ कार्डं होतात. साहेब म्हणाले, "मग टाक की ४४." टाकलीत, पण मला ते पटलेलं नाही. टोयोटात तायइची ओनोंनी हे कार्ड रुजवलं ते साठा कमी करून अडचणी उघड्या पाडायला, आणि आम्ही १५ बिन वाढवून अडचण झाकली. बुधवारी संध्याकाळी टेम्पोची एक जादा फेरी मागितली आहे. भाड्यावरून फाईल अडकली आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. कार्डं लॅमिनेट होत होती तेव्हा स्टोअरच्या काकांनी विचारलं होतं, "साहेब, यात गुरुवार धरलाय का?" मी म्हणालो, "सेफ्टीत येतो तो, काका." सेफ्टी असते ती कधी येईल याचा नेम नसलेल्या गोष्टींसाठी. गुरुवार दर आठवड्याला येतो.

काल गुरुवार होता. संध्याकाळी पेटीपाशी गेलो तर काका कार्डं मोजत उभे होते. म्हणाले, "अठरा झाली, साहेब. टेम्पो उद्या."