चुकार मुंगी

दुपारच्या सामसुमीत भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसली की एक रिकामपणचा उद्योग करून बघावा. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट रांगेवरून आडवं फिरवायचं, जरा दाबून. कोरड्या फडक्यानं भागत नाही, वास मागे उरतोच. पहिली मुंगी त्या पुसलेल्या पट्ट्याशी थबकते, मिशा हलवते, माघारी वळते. मागून येणाऱ्या तिच्यावर थडकतात. बघता बघता दोन्ही काठांवर गर्दी! आणि मधे अंतर किती, तर बोटभर.

मग एखादी चुकार मुंगी तिरकी तिरकी जाऊन पलीकडे पोचते. पोटाचं टोक टेकवत तिनं वास सोडला, की दुसरी त्यावरून जाते, मग तिसरी. काही मिनिटांत रांग पुन्हा जुळते. पहिली कोण होती, ते आता शोधूनही सापडत नाही.

या आज्ञाधारकपणात हुशारी नाही असं नाही. १९८९ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी वारूळ आणि खाणं यांच्यामध्ये दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. आखूड पुलावरून जाऊन येणं लवकर होतं, म्हणून तिथला वास आधी दाट झाला आणि बहुतेक मुंग्या तिकडे वळल्या. मोजमाप कुणीच केलं नव्हतं. पण आधी नुसता लांब पूल ठेवून तोच आखूड पूल अर्ध्या तासानं आणून जोडला, तेव्हा रांग लांबच्याच वाटेनं चालत राहिली. वहिवाट, दुसरं काय! पुढे १९९२ मध्ये मार्को दोरिगो या इटालियन संशोधकानं जवळची वाट शोधायला कॉम्प्युटरमध्ये खोट्या मुंग्या सोडल्या, तेव्हा दोन सोयी मुद्दाम ठेवल्या: वास हळूहळू उडून जाईल आणि वाट निवडताना थोडा भाग नशिबावर राहील.

लष्करी मुंग्या जवळजवळ आंधळ्या. त्यांची आघाडी वळून स्वतःच्याच शेपटाला लागली, की झालं. विल्यम बीब या अमेरिकन निसर्ग-अभ्यासकांना गयानाच्या जंगलात असं एक रिंगण दिसलं होतं. घेर १२०० फूट, एका मुंगीला एक फेरी पुरी करायला अडीच तास. दोन दिवस ते फिरत राहिलं, वाटेवर मेलेल्यांचा खच पडला. शेवटी दमून चारदोन मुंग्या बाजूला भरकटल्या, त्यांच्यामागून बाकीच्या निघाल्या आणि रिंगण सुटलं.

त्या चारदोघींना काही सुचलं होतं, की नुसता पाय घसरला? वारुळाला त्याचं सोयरसुतक नसावं. भिंतीवर आता बोटाची खूणही उरलेली नाही.