कोथिंबीर आडवी का पडते?

"रोज न चुकता पाणी घालते गं, तरी आडवीच पडते!" आज शेजारच्या काकूंनी ओट्यावरची कुंडी दाखवली. दोऱ्यासारख्या फिकट काड्या, टोकाला दोन-दोन पानं, सगळ्या खिडकीकडे झुकलेल्या.

त्या झुकण्यातच उत्तर होतं. कमी पडलंय ते ऊन. कोथिंबिरीला 4 ते 6 तास थेट ऊन हवं. नाही मिळालं तर खोड उजेडाच्या शोधात नुसतं उंच होतं आणि पानांचा भार पेलत नाही. पूर्वेची खिडकी उत्तम. कुंडी एक-दोन दिवसांनी फिरवायची. कललेल्या रोपांच्या बुडाशी थोडी भुसभुशीत माती चढवली की आधार मिळतो.

रोजचं पाणी मात्र घातच करतं. माती सतत ओली राहिली की बुरशी धरते, रोप मातीलगत कुजतं आणि एका रात्रीत मान टाकतं. बोटाचं एक पेर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. खालच्या ताटलीत साचू देऊ नका.

दाटीही नको. धणे हलके रगडून दोन डाळी सुट्या करा, रात्रभर भिजवा, 1 सेंमी खोल, दोन-दोन इंचांवर पेरा. मूळ सरळ खाली जातं, म्हणून कुंडी 8 इंच तरी खोल हवी. रोप उपटून दुसरीकडे लावू नये, ते सहसा तग धरत नाही.

आणि मे महिन्यात फुलोरा लवकर आला तर हळहळू नका, उकाड्यात तो येतोच. दर तीन आठवड्यांनी थोडे धणे पेरत राहा.

तुमच्या घरात सकाळचं ऊन कुठल्या खिडकीत येतं?