कौलं की वासे?

मे महिना सरत आला की कोकणात शाकारणीची घाई उठते. वर चढलेला गडी फुटकी कौलं बदलतो खरा, पण त्याआधी वासे-रिपा ठोकून बघतो. वासाच भुसभुशीत असेल तर त्यावर नवी कौलं चढवण्यात काही अर्थ नसतो. पडवीतल्या टेबलावर सात-आठ वर्षांचा लॅपटॉप घरघरत असतो, त्याला मात्र कोणी ठोकून बघत नाही. येणारा-जाणारा ओटीवरूनच सांगून मोकळा होतो, "रॅम वाढव मरे, सुसाट धावतलो!"

वाढवावी की. रॅम म्हणजे उघडलेली कामं तात्पुरती ठेवायची जागा, विंडोज तिला 'मेमरी' म्हणतं. पण गळतंय कुठे ते आधी बघावं. आंब्याच्या हंगामातला नेहमीचा पसारा उघडा ठेवायचा: पेट्यांचा हिशोब एक्सेलात, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप वेबवर, कुरिअरची साइट आणि क्रोमचे आठ-दहा टॅब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि परफॉर्मन्समध्ये जायचं. मेमरी 90 टक्क्यांच्या वर आणि डिस्कही 100 ला टेकलेली, म्हणजे रॅम अपुरी आहे. रॅममध्ये मावेना ते विंडोज डिस्कवर लिहितंय, पुन्हा वाचतंय, आणि त्यातच दमतंय. पण मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क 100 वर अडकली असेल, तर रॅम टाकून एक सेकंदही वाचायचा नाही. दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. आमचं मत विचाराल तर हार्ड डिस्कवर चालणाऱ्या लॅपटॉपात पहिला खर्च एसएसडीचा, रॅम त्यानंतर.

त्याच मेमरीच्या पानावर खाली उजवीकडे किती स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायच्या खोबणी, वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. 'दोनपैकी एक' दिसलं की जीव भांड्यात पडतो, पण दुकानात जाण्याआधी झाकण उघडून खात्री करावी. बऱ्याच बारक्या, चपट्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते. तिथे विषय संपला.

आता वासे. पहिला वासा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू. त्याचं नाव वाचायचं. आय5-7200यू मधला पहिला 7 म्हणजे सातवी पिढी, आय5-8250यू मधला 8 म्हणजे आठवी. विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या अपडेटांचा पुरवठा, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. सातवीच्या यंत्रात 16 जीबी ओतली तरी ही अट टळत नाही. अशा लॅपटॉपावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटातली प्रणाली घालून पोरांच्या अभ्यासाला द्यावा, बँकेचे व्यवहार मात्र जुन्या विंडोजवर करू नयेत.

दुसरा वासा खास आपल्याकडचा: खारा वारा. झाकणाचे स्क्रू गंजले असतील तर बोथट स्क्रू-ड्रायव्हरने डोकं खलास होतं आणि स्क्रू कायमचा बसतो. नेमक्या मापाचा फुलीचा ड्रायव्हर, नीट दाब आणि सावकाश फिरवणं, दुसरा उपाय नाही. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपाचा आकार काढून ज्याचा त्याच्या जागी टोचून ठेवावा. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला की वरचं प्लॅस्टिक फुगतं. आत बोर्डावर कल्हई उडालेल्या पितळी भांड्यासारखे हिरवट डाग दिसले, किंवा बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर रॅमचा विचार सोडावा.

आत सगळं स्वच्छ असेल तर काम दहा मिनिटांचं. चार्जर काढायचा, बॅटरीची जोडणी सोडवायची, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरायचं. रॅमची पट्टी कडेने धरून खाचेला खाच जुळवायची, तिरकी, साधारण 30 अंशांत आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. सोनेरी टोकं बाहेर डोकावत असतील तर ती बसलेलीच नाही. बॅटरी पुन्हा जोडून पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळाच राहिला तरी घाबरून बटण दाबत सुटू नये, नवी रॅम ओळखायला यंत्राला वेळ लागतो. पाच मिनिटांनीही काही नाही, तर पट्टी काढून पुन्हा बसवावी. दमट हवेत जुन्या पट्टीच्या टोकांवर थर चढतो, तो साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसला की बंद यंत्रं पुष्कळदा बोलायला लागतात.

पट्टी घेताना ती डीडीआर3, 4 की 5 (या रॅमच्या पिढ्या) हे जुन्या पट्टीवरचं लेबल वाचूनच ठरवायचं. तिघींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, जबरदस्ती केली तर स्लॉट जातो. डीडीआर3 मध्येही 1.35 व्होल्टची 'डीडीआर3एल' वेगळी. ती मागणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांत 1.5 वाली चालत नाही. दोन पट्ट्यांचे वेग वेगवेगळे असले तर दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात, त्यात काही बिघडत नाही.

2025 च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत, म्हणून नवी घेण्याआधी एक फोन करून बघावा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या मुंबईच्या घरात एखादा मेलेला लॅपटॉप कपाटावर पडलेला असतोच. मोदकाच्या साच्याबरोबर त्यातली पट्टीही आणायला सांगावी, आणि निघण्याआधी लेबलाचा फोटो मागवून घ्यावा.