नेताजी पालकरांना कुठल्या रांगेत बसवणार?

प्रचार सुरू झाला की आपल्याकडे सगळ्यांना सतरावं शतक आठवतं. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी, आणि तेव्हापासून तर विचारूच नका, सभेत कोणीतरी सूर्याजी पिसाळ असतो, कोणीतरी खंडोजी खोपडे, आणि माईकवर उभा असतो तो अर्थातच मावळा. निष्ठावंत इकडे, गद्दार तिकडे, झाला इतिहास.

मग नेताजी पालकरांचं काय करायचं ते सांगा. स्वराज्याचे सरनोबत, म्हणजे सेनापती, लोक प्रतिशिवाजी म्हणायचे. १६६५ ला मोगलांशी पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला, महाराजांकडे उरले १२ किल्ले (हे भाषणात फारसं येत नाही, डायरेक्ट आग्र्याचे पेटारे येतात). तहाप्रमाणे महाराज विजापूरकरांवर चालून गेले, मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांसोबत, हो, मोगलांच्या बाजूने, आणि त्याच मोहिमेत १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरचा हल्ला फसला कारण नेताजी वेळेवर पोचले नाहीत. 'समयास कैसा पावला नाहीस' म्हणून महाराजांनी सरनोबती काढून घेतली असं बखरीत आहे. नेताजी गेले विजापूरकरांकडे, तिथून मिर्झाराजांनी त्यांना मोगलांकडे ओढलं, मग महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींनाच कैद करून दिल्लीला नेलं, धर्म बदलून मुहम्मद कुलीखान केलं, काबूलकडे धाडलं. आणि १६७६ ला हाच माणूस परत आला, महाराजांनी त्याला शुद्ध करून घेतलं. आता बसवा कुठल्या रांगेत बसवायचं ते.

मला जास्त राग याचा येतो की भाषणातून वतन, म्हणजे पिढीजात हक्काची जमीन, उत्पन्न आणि मान, हा विषयच गायब असतो. त्या काळातली अर्धीअधिक फितुरी आणि भाऊबंदकी वतनापायी झालेली. देशमुखाला राज्य कोणाचं यापेक्षा वतन टिकतंय का याची काळजी. अफजलखान आला तेव्हा खोपडे तिकडे गेले ते काय हौस म्हणून? आणि कान्होजी जेध्यांना आदिलशहाचं 'खानाला सामील व्हा' असं फर्मान आलेलं असताना ते वतनावर पाणी सोडून महाराजांकडे राहिले. वतन म्हणजे काय हेच माहीत नसेल तर जेध्यांनी काय पणाला लावलं ते कसं कळणार? मग निष्ठा पण फुकटातली वाटायला लागते. मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपड्यांचं तर बोलायलाच नको, मोगलांना सळो की पळो करून सोडलं आणि १६९७ ला मारले गेले ते म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून, त्यात सोबतचे सरदार धनाजी जाधवांशी आधीच फाटलेलं.

आणि हे दोन रांगांचे क्लास घेणारे आपले नेते, यातले कितीतरी स्वतः तीन-चार पक्ष फिरून आलेत, एकाने तर सकाळी ज्याला पिसाळ म्हटलं त्याच्याच गाडीतून संध्याकाळी उतरावं. खरं तर नेताजींची गोष्ट यांच्याच कामाची आहे, पण ती सांगायची म्हणजे आधी पुरंदरचा तह नीट सांगावा लागणार, तेवढ्यात सभा उठून जाईल.