तळघरातलं गाणं आणि रात्रीचा मुक्काम

मे महिन्यात अमळनेरला घरी आले की रात्री गच्चीवर झोपायचं, हे ठरलेलं. दिवेलागणीला बादल्या बादल्या पाणी मारलं तरी फरशी दहापर्यंत वाफ सोडत राहते. परवा तिथेच चटया टाकून सगळे बसलो होतो. नानांनी माझा मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन एक फोटो बराच वेळ पाहिला. ठेंगणं तळघर, भिंतीला गोळ्यांची भोकं, कोपऱ्यात ड्रम आणि समोर घामाने निथळणारी पन्नाससाठ पोरंपोरी.

"आठे काय करी ऱ्हायनात ह्या?" नानांनी अहिराणीत विचारलं. "गाना म्हनी ऱ्हायनात का भांडी ऱ्हायनात?"

नाना म्हणजे माझे मोठे काका. तीस वर्षं त्यांनी लग्नाचा बँड चालवला. त्यांना दोन वाक्यांत सांगितलं: भांडत नाहीत, युद्धात फुटलेल्या देशांतले बँड एकत्र वाजवताहेत. रात्री लोकांच्या घरीच झोपले. पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी मोस्तारला राहते. बोस्निया-हर्झेगोविनाच्या दक्षिणेला, नेरेत्वा नदीच्या काठावरचं गाव. तिथल्या एका शाळेत गणित शिकवते, आठ वर्षं झाली. मोस्तार म्हटलं की लोकांना तो दगडी पूल आठवतो. १५६६ साली बांधलेला हा स्तारी मोस्त ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांच्या माऱ्याने नदीत कोसळला. पुन्हा बांधून २३ जुलै २००४ ला खुला झाला. पर्यटक पुलावर फोटो काढतात आणि समजतात की नदीने गावाचे दोन भाग केले. तसं नाही. लढाईची रेषा नदीच्या पश्चिमेला बुलेव्हार नावाच्या रस्त्यावरून जात होती. पूर्वेला बोस्नियाक मुसलमान, पश्चिमेला क्रोएट. १९९२ मध्ये दोघे मिळून सर्बबहुल युगोस्लाव्ह सैन्याशी लढले आणि पुढच्याच वर्षी एकमेकांवर उलटले. मार्च १९९४ मध्ये त्यांच्यातली लढाई थांबली, १९९५ अखेरीस डेटन करार होऊन सगळं युद्ध संपलं. देशभरात सुमारे एक लाख माणसं गेली.

बुलेव्हारवर आजही काही इमारती तशाच उभ्या आहेत. छप्पर नाही, खिडक्यांतून अंजिराची झाडं बाहेर आलेली. गावात विद्यापीठं दोन, फुटबॉल क्लब दोन, बसस्टँडसुद्धा दोन. २००८ नंतर नगरपालिकेची निवडणूक थेट डिसेंबर २०२० मध्ये झाली, कारण मतदारसंघ कसे पाडायचे यावर बारा वर्षं एकमत झालं नाही. शाळा एक, पण वर्ग वेगळे, पुस्तकं वेगळी, असा प्रकार इथे सर्रास आहे. माझ्या शेजारच्या घरातली एकोणीस वर्षांची मुलगी पश्चिमेच्या बाजारपेठेत आयुष्यात तीनदा गेली होती. चालत वीस मिनिटांचं अंतर. आपल्याकडे असं म्हणजे स्टेशनजवळ राहायचं आणि वाडी संस्थानाच्या भागात पाय ठेवायचा नाही, अशातलं झालं.

आणि याच प्रदेशात पूर्वी गाण्याला सीमा नव्हती. युगोस्लाव्हिया एक असताना बोस्नियातल्या सारायेव्होचा बँड क्रोएशियातल्या झाग्रेबला किंवा सर्बियातल्या बेलग्रेडला जाऊन रेकॉर्ड काढायचा आणि लुब्लियानापासून स्कोप्येपर्यंत सगळ्या गावांत वाजवायचा. मग देश फुटला आणि बँडही फुटले. गिटारवाला एका देशात राहिला, गाणारा दुसऱ्या.

युद्धात संगीत अक्षरशः जमिनीखाली गेलं. सारायेव्होचा वेढा १,४२५ दिवस चालला. वर तोफा, म्हणून पोरं तळघरात वाजवायची, वीज आली तर. १४ डिसेंबर १९९४ ला आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड सोडून आलेला गायक ब्रूस डिकिन्सन आपला बँड घेऊन रात्रीच्या अंधारात ट्रकमधून इग्मान डोंगर ओलांडून वेढ्यातल्या सारायेव्होत गेला आणि वाजवून परत आला. त्या कार्यक्रमाला असलेली एक बाई आमच्या शाळेत काम करते. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मी विचारलं, कोणतं गाणं आवडलं? म्हणाली, गाणी धड आठवत नाहीत. बाहेरून कोणीतरी *आत* आलं, एवढंच आठवतं. सगळे तर बाहेर पडायला धडपडत होते.

तिचं ते "आत आलं" मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता नानांनी पाहिलेल्या फोटोकडे येते. २०१९ चा उन्हाळा. बुलेव्हारपासून जवळच एका जुन्या गोदामाचं तळघर, तिथे दोन रात्रींचा महोत्सव. महोत्सव म्हटल्यावर मंडप, कमानी, पाहुण्यांच्या खुर्च्या डोळ्यांसमोर आणू नका. पोस्टर नव्हतं, निरोप फोनवर फिरले. तिकीट पाच मार्क, म्हणजे अडीच युरोच्या आसपास. सर्बियातल्या नोव्ही साद आणि बेलग्रेडहून दोन बँड, क्रोएशियातल्या स्प्लिटहून एक, मोस्तारच्या दोन्ही बाजूंचे तीन. पंक, मेटल आणि थोडं हिपहॉप. कोसोव्होतल्या प्रिश्टीनाचाही एक बँड यायचा होता. पण बोस्निया कोसोव्होला देश मानत नाही आणि त्यांचा व्हिसा वेळेत झाला नाही. मग संयोजकांनी दुसऱ्या रात्री त्यांची वीस मिनिटं मोकळीच ठेवली. स्टेजवर अॅम्प चालू, लाल दिवा लागलेला, समोर कोणी नाही. त्यांचं रेकॉर्डिंग लावा असं कोणीतरी सुचवलं, तर मिक्सरवरचा मुलगा म्हणाला, नको, ते आले नाहीत हे ऐकू येऊ दे. वीस मिनिटं त्या अॅम्पची घरघर आम्ही ऐकली. काही पोरं वर सिगारेट ओढायला गेली, बहुतेक उभी राहिली.

मी तिथे पोचले ती केबलच्या निमित्ताने. दुपारी आमच्या इमारतीत दोन पोरं दारोदार एक्स्टेंशन मागत फिरत होती. माझ्याकडे पंधरा मीटरचं होतं. ते घेऊन मीच गेले आणि मग रात्रीपर्यंत वाकून चिकटपट्ट्या लावत बसले. मिक्सर नोव्ही सादवाल्यांचा, माइकचे स्टँड पश्चिमेच्या एका चर्चच्या गायनवर्गातून आणलेले, जनरेटर पूर्वेच्या एका गॅरेजवाल्याचा. अर्थिंग नीट नव्हतं, गाणाऱ्याच्या ओठांना झटका बसायचा. ते शोधायला स्प्लिटचा एक आणि बेलग्रेडचा एक असे दोघं तासभर पोटावर सरपटत होते. दोघांची भाषा एकच. एक तिला क्रोएशियन म्हणतो, दुसरा सर्बियन, आणि यजमान बोस्नियन. शिव्या मात्र तिघांच्या सारख्याच.

गाण्याबद्दल फार लिहीत नाही. खूप मोठ्याने होतं आणि चांगलं होतं.

लिहायचंय ते मुक्कामाबद्दल. पैसे नसल्यामुळे हॉटेल नव्हतं. बँडवाल्यांना घराघरांत वाटून दिलं होतं. नोव्ही सादच्या बँडमधली बेस वाजवणारी मुलगी माझ्याकडे, ड्रमर खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे. मी गॅसवर वांगी भाजून भरीत केलं. आपल्या बामणोदच्या हिरव्या वांग्याची सर त्या जांभळ्या वांग्यांना नाही, पण शेंगदाणे आणि लसूण-मिरचीचा ठेचा घरचा होता. ती म्हणाली, माझी आजी मिरच्या अशाच भाजते, आयवार करायला. आयवार म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची तिकडची चटणी. रात्री दोनला आम्ही दोघी ताटात ताट घालून जेवलो.

सकाळी खाली कॉफीला बोलावणं आलं. तांब्याच्या जेझवातली कॉफी, बिनकानाचे चिमुकले कप, साखरेचा खडा बुडवून तोंडात धरायचा. घरमालक साठीचे, युद्धात लढलेले, एका पायाने लंगडत चालतात. त्यांनी ड्रमरला शांतपणे विचारलं, "तुझा बाप ब्याण्णव साली कुठे होता?"

या प्रदेशात हा प्रश्न कसा असतो हे सांगणं अवघड आहे. १९९२ च्या वसंतात मोस्तारवर पूर्वेच्या डोंगरांवरून सर्बबहुल सैन्याने तोफा डागल्या होत्या. त्या घराच्या गॅलरीतून ते डोंगर समोर दिसतात. मुलगा कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत नाही. तो सांगत नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग घरमालक म्हणाले, "मीही माझ्या पोरांना सांगत नाही." उठले आणि जेझवा पुन्हा गॅसवर ठेवला.

समेट वगैरे शब्द मी त्या सकाळीला लावणार नाही. पण हा प्रश्न कुठल्याही परिषदेत विचारला गेला नसता, आणि तळघरातही नाही. पोरगा रात्री त्यांच्या घरी झोपला होता, त्यांच्या टॉवेलने तोंड पुसून बसला होता, म्हणून त्यांना विचारता आलं आणि त्याला खरं उत्तर देता आलं. परदेशी निधीवर चालणारे मैत्रीचे महोत्सवही मी पाहिलेत. भाषणं होतात, पिशव्या वाटतात, पाहुणे रात्री हॉटेलवर जातात आणि सकाळच्या बसने परत. ते वाईट आहेत असं नाही, मोस्तारच्या रॉक स्कूलसारखं चिवट काम बाहेरच्या मदतीनेही उभं राहिलंय. २०१२ पासून दोन्ही बाजूंची मुलं तिथे एकत्र बँड करतात. पण माझा भरवसा मुक्कामावर आहे. नुसतं ऐकण्यावरही नाही. बेलग्रेडची धांगडधिंग्याची गाणी झाग्रेबच्या आणि सारायेव्होच्या लग्नांत सर्रास वाजतात. गाणं सीमा सहज ओलांडतं, माणूस नाही ओलांडत.

म्हणूनच सत्तेला अशा येण्याजाण्याची धास्ती वाटते. नोव्ही सादचे डॅन्यूबवरचे तिन्ही पूल १९९९ च्या नाटो बाँबहल्ल्यात पडले. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांनी नदीकाठी शंभर दिवस गाणी-नाटकं चालवली, सत्तेवरच्या मिलोशेविचला मतपेटीतून घालवा म्हणून. त्यातून एक्झिट महोत्सव उभा राहिला. तो नंतर फार मोठा झाला, पण मूळ त्या नदीकाठच्या शंभर दिवसांत. दुसरा 'मिरदिता, दोबार दान'. पहिला शब्द अल्बेनियन, दुसरे दोन सर्बियन, अर्थ एकच: नमस्कार. कोसोव्होचे कलाकार बेलग्रेडला न्यायचे आणि उलट, असा हा महोत्सव २०१४ पासून चालला. २०२४ च्या जूनमध्ये सर्बियन पोलिसांनी बेलग्रेडमध्ये त्यावर बंदी घातली. नमस्काराला बंदी. बातमी वाचली त्या दिवशी मला तो लाल दिवा लागलेला रिकामा स्टेज आठवत राहिला.

परवा गच्चीवर माझी ती दोन वाक्यं ऐकून नाना म्हणाले, "आपला चाचा नही का झोपला व्हता आठे."

मला अंगावर काटा आला, कारण मी ते विसरले होते. २०१३. मी धुळ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ६ जानेवारीला शहरात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले, संचारबंदी लागली. होस्टेलच्या खिडकीतून रिकामा रस्ता बघत आम्ही दिवस काढले. नानांच्या बँडमधले निम्मे वाजवणारे धुळ्याच्या मुसलमान मोहल्ल्यांतले, क्लॅरिनेटवाले चाचा त्यांत सगळ्यांत जुने. त्याच लग्नसराईत अमळनेरच्या एका वरातीची सुपारी होती. मुलीकडच्यांनी निरोप धाडला, या वेळी क्लॅरिनेटला दुसरं कोणी बघा. नानांनी कळवलं, क्लॅरिनेट बदलायचा असेल तर बँडच दुसरा बघा. मुलीकडचे दोन दिवस गप्प होते, मग हो म्हणाले.

चाचा आले. वरात नेहमीपेक्षा अर्ध्या वेळात आटोपली, नाचायला फारसं कोणी पुढे आलं नाही, पण क्लॅरिनेट वाजला. रात्री धुळ्याला परत जाणं बरं नव्हतं. चाचा आमच्या गच्चीवर झोपले. माघातली थंडी, काकूने दोन गोधड्या दिल्या. पहाटे उठून त्यांनी कोपऱ्यात चादर अंथरून नमाज पढला आणि काकूने चहा वर नेऊन दिला. त्या पहाटे नाना आणि चाचा काय बोलले ते मला माहीत नाही. नाना सांगत नाहीत.

परवा मी नानांना म्हटलं, चाचांना बोलवा. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, दात गेलेत, तरी क्लॅरिनेटची पेटी बरोबर. रीड जिभेवर भिजवून त्यांनी कानबाईच्या मिरवणुकीत वाजवायचे ती चाल धरली. मी फोनवर रेकॉर्ड केली आणि तिथल्या तिथे नोव्ही सादला बेसवाल्या मुलीला पाठवली. पाच मिनिटांत तिचा निरोप: सूर कोणता?

चाचांना विचारलं. म्हणाले, "काळी पाच."

मी 'बी फ्लॅट' असं लिहून पाठवलं. तिने कळवलं, आमच्याकडे याला नुसतं 'बे' म्हणतात, आणि मागोमाग तिचा रेकॉर्ड केलेला बेस आला. मी फोन चाचांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटून थोडं ऐकलं आणि म्हणाले, "जरा घाई करते पोरगी. सांग तिला, पुन्हा वाजवू."

तोवर साडेदहा झाले होते, शेवटची बस निघून गेली होती. काकू खालून गोधड्या घेऊन आली.